व्हर्जन वाढवलं आणि पट्टी जुळेना: मोडलं कुणी ते कसं ठरवायचं

तक्रारीचे शब्द ठरलेले असतात. "प्रोग्रॅमला हात लावलेला नाही, फक्त पायथन नवं टाकलं आणि सगळं बिघडलं." पायथन ही प्रोग्रॅम लिहायची भाषा; तिच्या जागी कधी पीएचपी असतं, कधी जावा. सांगलीच्या मार्केट यार्डातली अडत दुकानं, मिरजेकडची शीतगृहं, तासगावचे बेदाण्याचे व्यापारी यांच्याकडची बरीच सॉफ्टवेअरं दहा-पंधरा वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून दिलेली आहेत. लिहिणारा आता पुण्यात नाहीतर परदेशात. दुकानातला कॉम्प्युटर बदलला किंवा होस्टिंगवाल्यानं जुनं व्हर्जन बंद केलं, की ती सॉफ्टवेअरं आमच्यासारख्यांच्या टेबलावर येतात. आणि पहिला वाद हाच होतो: भाषा बनवणाऱ्यांनी बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी, म्हणजे जुना प्रोग्रॅम नव्या व्हर्जनवर तसाच चालण्याची सोय, मोडली, की लिहिणाऱ्यानं नको त्या गोष्टीवर भिस्त ठेवली होती?

वाद निकामी नाही, कारण दुरुस्ती त्यावर ठरते. भाषेचा खरंच बग असेल तर कळवून पुढच्या दुरुस्तीची वाट बघायची. जाहीर करून केलेला बदल असेल तर आपलाच प्रोग्रॅम बदलायचा. आणि भाषेनं जे कधी कबूलच केलं नव्हतं ते आपण धरून चाललो असू, तर आज पडलेली एक ओळ सुधारून भागत नाही. तेच गृहीत आणखी कुठंकुठं दडलंय ते शोधावं लागतं.

लक्षणं तीनच. प्रोग्रॅम उघडतच नाही. उघडतो, पण मध्येच एका बटणावर पडतो. किंवा अगदी झकास चालतो, फक्त आकडा वेगळा येतो. लोक पहिल्यावर सगळ्यात जास्त आरडाओरडा करतात. माझ्या मते उतरंड नेमकी उलटी आहे. उघडत नाही तो प्रोग्रॅम कुणाचं नुकसान करत नाही, अर्ध्या तासात त्याचं मूळ सापडतं. वेगळा आकडा देणारा आठवडाभर पट्ट्या, म्हणजे मालाच्या हिशेबाचे कागद, छापत राहतो.

आधी एकच गोष्ट बदला

दुकानात जाऊन बघितलं तर एकाच दिवशी विंडोज नवं, पायथन नवं, डेटाबेसची लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) नवी आणि प्रिंटरचा ड्रायव्हरही नवा असतो. मग शिव्या मात्र पायथनला. बऱ्याचदा दोष लायब्ररीचा निघतो, म्हणून जुनं व्हर्जन नव्याशेजारी टाका. पायथन, जावा, पीएचपी या तिन्हींची दोन-दोन व्हर्जनं एका मशीनवर सुखानं नांदतात. लायब्ररी तीच ठेवून फक्त भाषा बदला. जुनी लायब्ररी नव्या भाषेवर चढतच नसेल तर उलट करा, जुन्या भाषेवर नवी लायब्ररी घालून बघा.

तपासायला खोटा डेटा घेऊ नका. मागच्या हंगामातल्या एका गर्दीच्या दिवसाच्या सगळ्या नोंदी घ्या, दोन्ही व्हर्जनवर पट्ट्या टेक्स्ट फाइलमध्ये काढा आणि ओळीला ओळ लावून फरक बघा. रस्ट भाषेची मंडळी हेच फार मोठ्या प्रमाणावर करतात. क्रेटर नावाचं त्यांचं साधन लोकांनी प्रकाशित केलेल्या लायब्ररी जुन्या आणि नव्या अशा दोन्ही कंपायलरवर (प्रोग्रॅमचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या साधनावर) बांधून बघतं आणि कुठं काय पडलं याची यादी काढतं. आपल्याला एका दिवसाच्या पट्ट्या पुरतात.

रुपया कुठं गेला

यार्डातल्या एका दुकानाचं पायथन २ मधलं सॉफ्टवेअर पायथन ३ वर आणलं, त्यानंतरचा दिवाणजींचा फोन: "ओ सर, पट्टी जुळंना झालीया. काय केलासा?"

फरक तोलाईच्या, म्हणजे वजन करण्याच्या मजुरीच्या, रकमेत होता, तोही सगळ्या पट्ट्यांत नाही. समजा पोत्याला पन्नास पैसे तोलाई आहे आणि रक्कम पूर्ण रुपयात करायची आहे. पंचवीस पोत्यांचे साडेबारा रुपये होतात. पूर्वी त्याचे तेरा व्हायचे, आता बारा. सत्तावीस पोत्यांचे साडेतेरा, त्याचे मात्र पूर्वीही चौदा आणि आताही चौदा. एकोणतीसला रुपया कमी, एकतीसला बरोबर, तेहतीसला परत कमी. असा एक सोडून एक फरक दिसला की दुसरीकडं शोधायची गरज नाही, हे राउंडचंच, म्हणजे रक्कम पूर्ण करणाऱ्या फंक्शनचंच, काम. पायथन २ मध्ये बरोबर अर्ध्यावर आलेली रक्कम वर जायची. पायथन ३ मध्ये ती जवळच्या सम संख्येकडं जाते. साडेबाराला सम शेजारी बारा, साडेतेराला चौदा.

हा बदल लपून केलेला नाही. पायथन ३.० डिसेंबर २००८ मध्ये आलं, तेव्हाच्या बदलांच्या यादीत ही गोष्ट स्पष्ट लिहिलेली आहे. पण जुन्या प्रोग्रॅमचं नवं रूप करून देणारं जे साधन भाषेसोबत मिळायचं, ते प्रिंटच्या ओळी नीट बदलून द्यायचं आणि राउंडला हात लावायचं नाही. तेव्हा पोरांनी साधन चालवलं, प्रोग्रॅम सुरू झाला, काम संपलं असं वाटलं.

वालचंद कॉलेजचा एक विद्यार्थी सुट्टीत आमच्याकडं शिकायला येतो. तो म्हणाला, "सर, डॉक्युमेंटमध्ये लिहिलंय की. मग मोडलं कसं म्हणायचं?" फोन स्पीकरवर होता. दिवाणजींनीच उत्तर दिलं, "कागदावर काय लिवलंय ते तुमचं तुम्ही बघा. तोलाईदार रुपाया कमी का म्हणून माझ्या टेबलापाशी उभा हाय."

दोघांचंही खरं आहे, आणि पुढचं सगळं या दोन वाक्यांतल्या अंतरातच आहे.

दुरुस्ती आधी सांगतो. पैशाच्या हिशेबाला साधा राउंड कधीच वापरू नये. पायथनमधलं डेसिमल मॉड्यूल घ्या आणि "राउंड हाफ अप" हा नियम नाव घेऊन द्या. किंवा सगळी रक्कम पैशांत, पूर्णांकात ठेवा आणि रुपया करायचा नियम स्वतः एका जागी लिहा. त्याच दौऱ्यात भागाकारही तपासा. पायथन २ मध्ये सात भागिले दोन म्हणजे तीन, पायथन ३ मध्ये साडेतीन. पोती वाटून देण्याच्या हिशेबात हा फरक राउंडपेक्षा मोठा दणका देतो. जिथं पूर्णांकच हवा तिथं दुहेरी तिरकी रेघ लिहायची.

एक चकवाही इथंच सांगून ठेवतो. २.६७५ ही संख्या दोन दशांशांपर्यंत राउंड केली की २.६८ ऐवजी २.६७ येते आणि लोक तेही नव्या व्हर्जनच्या खात्यावर टाकतात. पायथन २.७ मध्येही २.६७ च येत होतं. कॉम्प्युटरच्या पोटात ती संख्या बरोबर २.६७५ अशी साठवताच येत नाही, किंचित कमी साठते. दोन्ही व्हर्जनवर चालवून बघितलं की हा वाद मिनिटात मिटतो.

सातबारा आणि वहिवाट

भाषेचं स्पेसिफिकेशन, म्हणजे ती कशी वागेल याचे लेखी नियम, हा सातबारा. त्यावर जे आहे ते पक्कं. पण एखाद्या बांधावरून वर्षानुवर्षं गाड्या जात असतील, तर सातबाऱ्यावर रस्ता नसला तरी वहिवाट पडलेली असते, आणि कुणी आडवा चर खणला की तंटा होतोच. प्रोग्रॅमिंगमध्ये हीच गोष्ट हायरम राइट या गूगलमध्ये काम केलेल्या अभियंत्याच्या नावानं ओळखली जाते. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की वापरणारे पुरेसे झाले की तुम्ही लेखी काय कबूल केलं होतं याला फारसा अर्थ उरत नाही. बाहेरून दिसणाऱ्या प्रत्येक वागण्यावर कुणी ना कुणी विसंबलेलं असतंच.

वेगवेगळ्या भाषा या वहिवाटीशी कशा वागतात हे बघण्यासारखं आहे. जावास्क्रिप्ट जवळजवळ पूर्ण वहिवाटीवर चालते. याद्यांच्या आतल्या याद्या सपाट करण्यासाठी "फ्लॅटन" नावाची सोय भाषेत आणायची होती. मूटूल्स नावाच्या जुन्या लायब्ररीनं त्याच नावाची स्वतःची सोय आधीच बसवलेली, आणि भाषेनं ते नाव घेतलं की मूटूल्सवरच्या जुन्या वेबसाइट मोडत होत्या. २०१८ मध्ये हा वाद गाजला आणि शेवटी नाव "फ्लॅट" ठेवलं. नियमात बसत असूनही भाषेच्या समितीनं माघार घेतली, कारण त्या जुन्या वेबसाइट दुरुस्त करायला मालक उरलेलेच नव्हते.

सी भाषा सातबारा दाखवते. मेमकॉपी या फंक्शननं मेमरीचा एक तुकडा दुसरीकडं न्यायचा. दोन्ही तुकडे एकमेकांवर चढलेले असतील तर काय होईल याची हमी नाही, हे मॅन्युअलमध्ये स्वच्छ आहे. २०१० मध्ये लिनक्सवरच्या जीलिबसी लायब्ररीत काही प्रोसेसरांसाठी कॉपी करण्याची दिशा बदलली आणि फेडोरा या लिनक्सवर फ्लॅश प्लेयरचा आवाज खरखरायला लागला. चूक फ्लॅशची होती यात शंका नाही. तरी लिनक्स बनवणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्सनं जोरात वाद घातला, की आवाज बिघडलेल्या माणसाला मॅन्युअलशी काय करायचंय? निकाल मला आवडतो तो असा लागला: आधी बांधलेल्या प्रोग्रॅमना जुनं वागणं, जीलिबसी २.१४ पासून पुढं बांधलेल्यांना नवं.

गो भाषेनं तिसराच मार्ग धरला. मॅपमधल्या (नावावरून किंमत शोधायच्या यादीतल्या) नोंदी कुठल्या क्रमानं येतील याची हमी नाही, एवढं लिहून ती थांबली नाही. २०१२ मध्ये गो १ आलं तेव्हापासून मॅप फिरवताना सुरुवात मुद्दाम कुठूनही होते. म्हणजे वहिवाट पडायच्या आतच नांगर फिरतो. पायथननं बरोबर उलटं केलं. ३.६ मध्ये डिक्शनरीची (पायथनमधल्या मॅपची) आतली रचना बदलल्यामुळं नोंदी घातलेल्या क्रमानं यायला लागल्या, लोक विसंबायला लागले, आणि २०१८ च्या ३.७ मध्ये तो क्रम भाषेची हमी म्हणून लिहूनच टाकला.

तुमच्या टेबलावरच्या बिघाडाला याचा उपयोग असा: दोष कुणाचा हे कागद बघून ठरवा, पण नुकसान किती हे वहिवाट बघून ठरवा. दोन्ही प्रश्न एकाच उत्तरात कोंबले की त्या विद्यार्थ्यासारखं होतं. नियम सापडला की गिऱ्हाईक खोटं वाटायला लागतं.

लॉट ७ आणि लॉट ७अ

पीएचपी ८ नोव्हेंबर २०२० मध्ये आलं. इकडं ते पोचलं होस्टिंगवाल्यांनी जुनी व्हर्जनं बंद करायला सुरुवात केली तेव्हा, आणि अजूनही दर काही महिन्यांनी कुणीतरी नव्यानं त्यात अडकतं. बिघाडाचं मूळ एका तुलनेत आहे. संख्या आणि मजकूर यांची दोन बरोबरच्या चिन्हांनी तुलना केली की पूर्वी मजकूर ओढूनताणून संख्या केला जायचा. त्यामुळं शून्य आणि "हळद" समान ठरायचे. सात आणि "७अ" हेही समान. (इथं अंक देवनागरीत लिहिलेत, प्रोग्रॅममध्ये अर्थात इंग्रजी अंक धरा.) पीएचपी ८ मध्ये मजकूर संख्येसारखा दिसत नसेल तर उलट संख्येचा मजकूर होतो, आणि दोन्ही तुलना खोट्या ठरतात.

कुणीही शहाणा माणूस म्हणेल की नवं वागणं बरोबर आहे. आता दुकानात काय चालायचं ते बघा. हळदीच्या एका लॉटमधली थोडी पोती वेगळी काढली की त्याला ७अ म्हणायचं, ही तिथली पद्धत. सॉफ्टवेअरमध्ये सात नंबर शोधला की ७ आणि ७अ दोन्ही यायचे, आणि बाबू लोक तेच गृहीत धरून एकत्र पट्टी काढायचे. व्हर्जन वाढल्यावर ७अ ची पोती पट्टीतून गायब. एरर नाही, वॉर्निंग नाही. लिहिणाऱ्यानं ही सोय म्हणून केलीच नव्हती. भाषेच्या एका विचित्र सवयीतून ती आपोआप तयार झाली होती.

याला मी भाषेनं मोडलं असंच म्हणतो, आणि तरी बदल योग्य होता असंही म्हणतो. मोडलं म्हणजे वाईटच केलं, असा अर्थ लावायची गरज नाही. सापडवायला सोपी युक्ती: सगळ्या प्रोग्रॅममध्ये दोन बरोबरची चिन्हं जिथं आहेत त्या ओळी काढा, त्यातल्या ज्या ओळींत एका बाजूला फॉर्ममधून किंवा डेटाबेसमधून आलेली किंमत आहे त्या वाचा. जिथं खरंच समान हवं तिथं दोन्ही बाजू आधी एकाच प्रकारात (दोन्ही संख्या किंवा दोन्ही मजकूर) आणून तीन चिन्हं. जिथं "सातचे सगळे उपलॉट" हवेत तिथं ते उघड लिहा, पहिला भाग वेगळा काढून.

जावातही असाच, बग सुधारल्यामुळं झालेला बिघाड आहे. ०.८०५५ क्विंटल, म्हणजे ८० किलो ५५० ग्रॅम, हे तीन दशांशांत छापायला सांगितलं की जावा ७ ०.८०६ छापायचं. जावा ८ ०.८०५ छापतं. ती संख्या आत किंचित कमीच साठते, त्यामुळं ०.८०५ हेच बरोबर, आणि जावा सांभाळणाऱ्या ओरॅकलनं ते तसं जाहीरही केलं होतं. काट्याची पावती आणि बिलाची प्रत यांत फरक पडला, की हे स्पष्टीकरण ऐकायला समोर कुणी थांबत नाही एवढंच.

शेतकऱ्यांची नावं चौकोन झाली तर

हे नीट वाचा, कारण इथं उशीर केला तर डेटा कायमचा जातो.

युनिकोड रुळायच्या आधी मराठीसाठी जे फाँट होते त्यात अक्षरं खरी इंग्रजी आणि युरोपीय चिन्हांच्या जागांवर बसवलेली असायची. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये शेतकऱ्यांची नावं अजून त्याच रूपात आहेत. जावाचा जुना प्रोग्रॅम फाइल वाचताना एनकोडिंग, म्हणजे कुठला बाइट कुठलं अक्षर हे ठरवणारी पद्धत, सांगत नसे. विंडोजचं जे असेल ते जावा घेई, आणि आपल्याकडच्या इंग्रजी विंडोजवर ते बहुधा १२५२ (युरोपीय अक्षरांचं जुनं एनकोडिंग) असे. मार्च २०२२ मध्ये आलेल्या जावा १८ पासून न सांगितल्यास यूटीएफ-८ हे युनिकोडचं एनकोडिंग धरलं जातं. १२५२ मधले वरच्या जागांवरचे बाइट यूटीएफ-८ म्हणून वाचले की ते अवैध ठरतात आणि त्यांच्या जागी प्रश्नचिन्हाचा काळा चौकोन येतो. नावातली निम्मी अक्षरं शाबूत, निम्मी चौकोन, असं दिसलं तर हेच.

त्या अवस्थेत कुणी "सेव्ह" दाबलं, की मूळ बाइट जाऊन चौकोनच फाइलमध्ये लिहिले जातात. तिथून परत येणं नाही. म्हणून पहिलं काम: प्रोग्रॅम बंद करा, फाइलींची प्रत काढा. मग जावा सुरू करताना फाइल डॉट एनकोडिंग या सेटिंगला "कॉम्पॅट" ही किंमत द्या. जुनं वागणं परत येतं. हा तात्पुरता टेकू. खरी दुरुस्ती म्हणजे फाइल उघडणाऱ्या प्रत्येक ओळीत एनकोडिंग नावानिशी लिहिणं आणि सवडीनं सगळी नावं युनिकोडमध्ये आणणं.

मोडलं कुणी? जुन्या डॉक्युमेंटमध्ये स्पष्ट होतं की हे मशीनवर अवलंबून आहे. म्हणजे हमी नव्हती. पण बदल करणाऱ्यांनी "तुमचंच चुकलं" म्हणून हात झटकले नाहीत. काही प्रोग्रॅम बिघडतील हे त्यांनी प्रस्तावातच लिहिलं आणि जुनं वागणं परत आणायची कळ सोबत दिली. बदल करायचाच असेल तर असा करावा.

काही काढलं नाही, नुसती भर घातली, तरी

नवी सोय घातली तर जुन्याला धक्का कसा लागेल, असं वाटतं. सगळ्यात सरळ धक्का नावाचा. पायथन ३.७ मध्ये "असिंक" हा राखीव शब्द झाला, म्हणजे ते नाव दुसऱ्या कशाला देता येईना. सेलरी या लायब्ररीत त्याच नावाचं मॉड्यूल होतं; ती इम्पोर्टच होईना. जावा ५ मध्ये "एनम" राखीव झाला तेव्हाही तेच, कारण तोवर लोक ते नाव व्हेरिएबलला सर्रास द्यायचे. पुढं दोघीही शिकल्या. पायथन ३.१० मधला "मॅच" आणि जावा १० मधला "व्हार" त्यांच्या ठरावीक जागेपुरतेच खास आहेत. त्या नावाचं तुमचं जुनं व्हेरिएबल असेल तर ते चालतं.

रस्टमधला धक्का जास्त सूक्ष्म होता. जुलै २०२४ च्या १.८० मध्ये स्टँडर्ड लायब्ररीत डेटाच्या एका जुन्या प्रकाराला (टाइपला) नवी क्षमता जोडली. पूर्वी कंपायलरपुढं एकच पर्याय होता म्हणून तो प्रकार स्वतः ओळखायचा. आता दोन झाले, ओळखता येईना, आणि "टाइम" नावाची भरपूर वापरली जाणारी लायब्ररी कंपाइल व्हायची थांबली. रस्टच्या नियमांत असा धक्का "किरकोळ" म्हणून मान्य आहे. ज्यांचं बिल्ड त्या सकाळी पडलं त्यांना तो किरकोळ वाटला नाही. इलाज सोपा होता, टाइम ०.३.३५ किंवा त्यापुढची घ्यायची. हे सगळे मोठ्यानं ओरडणारे बिघाड आहेत, रुपया खाणारे नाहीत, म्हणून यावर जास्त लिहीत नाही.

वॉर्निंग आली होती, पण दिसली कुणाला?

"न सांगता काढून टाकलं" ही तक्रार करण्याआधी वॉर्निंग कुठं जातात ते बघा. पायथनमध्ये कलेक्शन्स या मॉड्यूलमधून मॅपिंग आणि त्याची भावंडं घेण्याची जुनी पद्धत २०१२ च्या ३.३ मध्येच कालबाह्य ठरवली होती. ती प्रत्यक्षात काढली २०२१ च्या ३.१० मध्ये. मध्ये नऊ वर्षं. तरीही ३.१० आल्यावर कितीतरी प्रोग्रॅम त्याच ओळीवर पडले, कारण पायथन या प्रकारच्या वॉर्निंग लायब्ररीच्या आतून आल्या तर सहसा दाखवतच नाही.

दाखवायला लावा. पायथन सुरू करताना डब्ल्यू पर्यायाला "एरर" दिलं की प्रत्येक वॉर्निंग बिघाड होऊन समोर येते. "डिफॉल्ट" दिलं तर नुसती छापली जाते. पीएचपीत होस्टिंगवर वॉर्निंग पडद्यावर बंद असतात, एरर लॉग उघडून त्यात डेप्रिकेटेड (कालबाह्य) हा शब्द शोधा. जावा ९ पासून कालबाह्य गोष्टींचा वापर शोधणारं जेडेप्रस्कॅन नावाचं साधन सोबतच मिळतं. हे सगळं जुन्या व्हर्जनवर करायचं, नव्यावर गेल्यावर नाही. नव्यावर वॉर्निंग संपलेली असते, उरते ती एरर.

आणि काही भाषांत व्हर्जन वाढवूनही जुनं वागणं ठेवता येतं, तेही माहीत असावं. गो १.२२ मध्ये लूपमधल्या (परत परत चालणाऱ्या ओळींमधल्या) व्हेरिएबलचा अर्थ बदलला, प्रत्येक फेरीला नवं व्हेरिएबल मिळायला लागलं. पण हा बदल प्रोजेक्टच्या गो-मॉड फाइलीत १.२२ किंवा पुढचं व्हर्जन लिहिलं असेल तरच लागू होतो. कंपायलर नवा, ओळ जुनी, तर वागणंही जुनं. रस्टमध्ये २०१५, २०१८, २०२१, २०२४ अशा एडिशन आहेत, त्यांचाही हेतू तोच. गोमध्ये बिघाड आला आणि कुणी ती ओळ नकळत वाढवलीय का हे न बघता शोधाशोध सुरू केली, तर दिवस फुकट जातो.

कधी वाढवायचं, कुणाला कळवायचं

हळदीचे सौदे जोरात असताना भाषेचं मोठं व्हर्जन बदलू नका. पावसाळ्यात यार्ड शांत असतं, तेव्हा मागच्या हंगामाच्या पट्ट्या चालवून बघायला वेळही मिळतो. सुरक्षेच्या दुरुस्त्यांना मात्र हा नियम लावता येत नाही, आणि त्याही मोडतात. सप्टेंबर २०२२ मध्ये पायथननं ३.१०.७ सारख्या छोट्या दुरुस्तीत मर्यादा घातली: ४३०० पेक्षा जास्त अंकांचा मजकूर पूर्णांकात बदलायला गेलं की एरर. फार लांब संख्या देऊन सर्व्हर अडकवता येत होता म्हणून. गणिताचं काम करणाऱ्यांनी बरीच आदळआपट केली, मर्यादा राहिली, ती वाढवायची किंवा काढायची सोयही ठेवली. सुरक्षेसाठी मोडावं लागलं तर मोडू, हे गोनंही आपल्या वचनातच अपवाद म्हणून लिहून ठेवलंय. अडत दुकानाला ४३०० अंकी संख्या कधी लागणार नाही, तेव्हा अशी दुरुस्ती त्याच आठवड्यात घ्या, फक्त एका दिवसाच्या पट्ट्यांची तुलना तेवढी करून.

एवढं करून, डॉक्युमेंटमध्ये हमी आहे आणि नवं व्हर्जन ती पाळत नाही असं दिसलं, तर भाषेच्या बग-नोंदवहीत जरूर कळवा. वहिवाट मोडली असेल आणि बदल अजून बीटात (चाचणीच्या व्हर्जनात) असेल तरी कळवा; फ्लॅटनचं नाव फिरलं ते लोकांनी वेळेत सांगितलं म्हणूनच. कळवताना दुकानाचं अख्खं सॉफ्टवेअर जोडू नका. पंचवीस पोती, पन्नास पैसे, एक राउंड एवढ्या तीन ओळींचा प्रोग्रॅम करा, दोन्ही व्हर्जनवर काय येतं ते लिहा आणि डॉक्युमेंटमधली नेमकी ओळ द्या. व्हर्जनचा आकडा शेवटच्या टिंबापर्यंत पूर्ण लिहा, कारण ३.१०.६ आणि ३.१०.७ यांच्यातही, वर बघितलं तसं, वागणं बदललेलं असू शकतं.